चालून दाखव

नागपूरचं राज्य जाऊन भोपाळचं आलं, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. बऱ्हाणपुरात जो तो विचारायचा, आता आपलं काय होणार? दुकानदारांना मराठी पाट्यांची काळजी, मला माझ्या वर्गाची. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, मुलींच्या शाळेत पाचवीच्या मराठी वर्गावर नवी नवी लागलेली, आणि अक्कल वयाच्या निम्मी. मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, "सोमवारपर्यंत आठ मुली आण. नाहीतर वर्ग बंद." त्याच संध्याकाळी वडील म्हणाले, "नोकरी गेली की स्थळं बघायला लागू." म्हणजे आठ मुली मिळाल्या नाहीत तर नववी मी, पाटावर.

रविवारी सकाळीच वही काखेत मारून निघाले. दापोऱ्याच्या बाजूला तापीला मिळणारा एक नाला होता. त्याच्या काठानं वर गेलं की दोन गावं लागायची, मग बंधाऱ्यावरून ओलांडायचं, पलीकडच्या काठानं तिसरं गाव करून निघालो तिथेच परत. चढ नाही, काटे नाहीत. म्हातारी माणसंसुद्धा गप्पा मारत ती फेरी करून यायची. मला वाटेत सगळ्याचंच कुतूहल. दगडाखाली शिरताना खेकडा कुठल्या बाजूला वळतो हे पाहायला वाकले आणि चपलेचा अंगठा तोडून घेतला. मग वहीची दोरी चपलेला.

घरोघरी मी विचारायचे, "चौथी झालेली मुलगी आहे का हो घरात?" पहिल्याच घरात लगबग उडाली. मुलीला आत नेलं, तोंड धुतलं, वेणीत फूल खोवलं. मला चहा आणि शेव. मनात म्हटलं, काय ही शिक्षणाची ओढ! मग माझे प्रश्न. वय किती, वाचता येतं का, तब्येत कशी असते. शाळा दीड कोसावर, म्हणून शेवटी म्हणायचे, "जरा चालून दाखव, बाळ." बाळ मान खाली घालून चालून दाखवायचं, आई श्वास रोखून बघायची आणि मी खूश होऊन नाव लिहायचे.

दुसऱ्या गावात एक मुलगी अशी लंगडत आली की मला बघवेना. तिची आई चकित. "काल तर बरी होती व माय!" मी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, पण नाव काही लिहिलं नाही. दीड कोस कशी येणार बिचारी?

तिसऱ्या गावात नववं नाव लिहीत होते, तर त्या मुलीच्या आजीनं विचारलं, "पोरगा काय करतो?"

"कोणता पोरगा?"

"ज्याच्यासाठी पोरी पाहत हिंडते तो. भाऊ आहे का तुझा?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सकाळपासून मी शाळेचं नावच घेतलं नव्हतं. हातात वही असली की माणूस मास्तरीण दिसतं, अशी माझी समजूत. घाईघाईनं सांगितलं, मी शाळेची बाई आहे. आजी अशी हसली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "अन् मग पोरींना चालवून काय पाहत होती?"

ज्या पाटाला भिऊन मी घरातून निघाले, तोच गावोगाव मांडून आले होते.

"आमचं नाव राहू दे," आजी म्हणाली. "पण बाकीच्यांना खरं सांगून ये. नाहीतर लोक तुझ्या भावाची वाट पाहत बसतील."

त्या गावात तिथल्या तिथेच खरं सांगून टाकलं, गोल पुरा केला आणि तीच फेरी पुन्हा पहिल्यापासून. सकाळची सोपी वाट आता संपता संपेना. प्रत्येक दारात आपला गाढवपणा आपल्याच तोंडानं सांगायचा. दोघींनी नावं खोडायला लावली. एक म्हणाली, "शाळाच होती तर माझी शेव कशाला खाल्ली?" लंगड्या मुलीच्या घरावरून तशीच पुढे गेले, तिचं नाव वहीत नव्हतंच. उरली सात. उन्हं कलली होती. बंधाऱ्यापाशी पाण्यात पाय सोडून बसले आणि पाटावर कोणतं लुगडं नेसावं लागेल याचा विचार करू लागले.

मागून कुणीतरी धावत आलं. तीच मुलगी. दोन्ही पाय धड, छाती धपापत होती.

"बाई, शाळेचं आहे ना? नवरा नाही ना त्यात?"

"नाही गं."

"मग मला चालता येतं. बघा." आणि ती बंधाऱ्यावरून पार पलीकडे गेली, तशीच परत आली, मधे एक उडीसुद्धा मारली.

तेवढ्यात धापा टाकत तिची आई पोचली. "सोंगाडे! सकाळी पाय मोडला होता ना तुझा?"

"जुळला," मुलगी म्हणाली.

आईनं कपाळाला हात लावला. "लिहा बाई. घरी राहिली तर रोज मलाच फसवेल."

आठ झाली. वर्ग राहिला, आणि वडिलांनी पुढचं वर्षभर स्थळाचा विषय काढला नाही. मग काढला. पहिलं स्थळ घरी आलं, चहा झाला, आणि मुलाचे काका म्हणाले, "जरा चालून दाखव, बाळ." मी उठले आणि त्या आठव्या मुलीला स्मरून दारापर्यंत अगदी मनापासून लंगडत गेले.