पुढचं मॉडेल हलकं येईल

माझ्या नवऱ्याला पहिल्या लॉटमधली कुठलीही वस्तू चालत नाही. मानेसरच्या एका कारखान्यात तो क्वालिटीत होता. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे, मापात बसेल तो पुढे पाठवायचा, न बसेल तो लाल पेटीत टाकायचा, हे त्याचं काम. तिथे प्रत्येक भागाच्या ड्रॉइंगवर रिव्हिजनचं अक्षर असतं. आधी ए, मग बी, मग सी. ए म्हणजे चुका अजून सापडायच्यात, असं त्याचं ठाम मत. आमचा फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळं त्यानं दुसरं मॉडेल येईपर्यंत थांबून घेतलं. गुरुग्रामचं हे भाड्याचं घरसुद्धा आधीच्या भाडेकरूनं भांडून नळ बदलून घेतले होते म्हणून पसंत केलं. मी म्हणायचे, "बायको तेवढी पहिल्या लॉटमधली मिळाली तुला." तो म्हणायचा, "अनुभवावरूनच बोलतोय ना मग."

त्याला नाद एकच, गेमच्या कन्सोलचा. हातात धरूनही खेळता येतो आणि स्टँडवर ठेवला की टीव्हीवरही दिसतो, तसला. लग्नाआधीपासूनचा होता. संध्याकाळी कंपनीची बस त्याला चौकात सोडायची, मी दिल्लीतल्या सरकारी ऑफिसातून मेट्रोनं यायचे, आणि चहा झाला की कन्सोलच्या दोन बाजूंचे कंट्रोलर काढून आम्ही दोघं टीव्हीसमोर बसायचो. मला ढिम्म खेळता यायचं नाही. गेममधला माझा माणूस सारखा दरीत पडायचा आणि हा हसायचा. अमरावतीहून सासूबाई फोनवर विचारायच्या, संध्याकाळी काय करता, तेव्हा मी टीव्ही बघतो असं सांगायचे. ते अगदीच खोटं नव्हतं.

कन्सोलची नवी पिढी बाजारात आली तेव्हा त्यानं ती घेतली नाही, हे वेगळं सांगायला नको. "अगं, जुन्यापेक्षा जड आहे. मागच्या वेळी काय झालं? पहिलं मॉडेल आलं, मग हलकं आलं, मग चांगल्या स्क्रीनचं आलं. आताही येणार. बिल्कुल येणार." मग रोज चहाबरोबर तेच पुराण. चिप लहान होईल. लहान चिप कमी तापेल. कमी तापली की पंखा लहान लागेल, आणि पंखा लहान झाला की वजन उतरेल. इंटरनेटवरच्या अफवासुद्धा तो मालासारख्या तपासायचा. ही मापात बसते, ही रिजेक्ट. "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी," मी म्हणायचे. "तुला नाही कळणार, यार," म्हणून तो पुढे सुरू.

मग जुन्या कन्सोलवर त्याचाही माणूस दरीत पडायला लागला. कारण त्याच्याकडे तयार होतं. कंट्रोलरवरची अंगठ्यानं फिरवायची स्टिक बिघडली. हात न लावता स्टिक आपोआप एका बाजूला सरकते, ही त्या कन्सोलची जुनी तक्रार आहे म्हणे. तो दिल्लीत नेहरू प्लेसच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन नवी स्टिक बसवून आला. तरी माणूस पडायचा. "नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. एरवी तो उलटून काहीतरी बोलला असता. त्या दिवशी बोलला नाही. पुन्हा स्टिक बदलली, या वेळी चुंबकावर चालणारी, कधीच न झिजणारी. माणूस पडायचा तो पडायचाच.

त्यांच्या कामात एक नियम असतो. माप चुकलं तर आधी मोजायचं साधन तपासायचं, मग भाग, मग मशीन, आणि माणसाच्या हातावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. हात चुकला असं एकदा म्हटलं की पुढे कुणी कारण शोधत नाही, म्हणून. कारखान्यात हा नियम चांगलाच आहे. आमच्या घरात मात्र तो पाळता पाळता एक अख्खा हिवाळा गेला. बाहेर धुकं, धूर, बस उशिरा. थंडीनं बोटं आखडतात, असं तो म्हणायचा. मी लोकरीचे हातमोजे आणले.

ऊन तापायला लागलं तरी बोटं आखडलेलीच. एक दिवस कामावर त्याच्या हातून मोजायचं व्हर्नियर खाली पडलं, आणि उचलायला गेला तर उचलता येईना. मग आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पुष्कळ तपासण्या झाल्या. शेवटी डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं, "नसें धीरे-धीरे मांसपेशियों का साथ छोड़ देती हैं।"

"रुकेगा नहीं?" मी विचारलं.

"थोड़ा धीमा कर सकते हैं।"

परतताना टॅक्सीत तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "हलकं मॉडेल आलं ना, की मला जमेल." मला इतका संताप आला की टॅक्सी थांबवून उतरावंसं वाटलं. त्याच्यावर, त्या कन्सोलवर, हातमोजे विणणाऱ्यांवर, सगळ्यांवर. टॅक्सीवाल्यानं गाणी लावली होती, ती ऐकत घरी आलो.

त्यानंतर त्याचे अंदाज बदलत गेले. चहाचा कप हातात राहीना, तेव्हा नव्या कन्सोलच्या कडांना रबरी पकड येणार होती. शर्टाची बटणं लागेनात, तेव्हा कन्सोलची बटणं नरम होणार होती. उजवा अंगठा गेला, तेव्हा एका हातानं खेळता येईल अशी सोय कंपनी करणार होती. पुढच्या मॉडेलमध्ये काय येणार हे ऐकलं की मला कळायचं, आता याचं काय गेलं. दुसऱ्या कुठल्या भाषेत तो मला ते सांगतच नव्हता. बाजारात आहे तोच आणू या, थोडे दिवस तरी खेळशील, असं मी किती वेळा विनवलं. "पहिला लॉट," तो म्हणायचा. विषय संपायचा. मग नोकरीही संपली.

आता तो दिवसभर हॉलमध्ये आरामखुर्चीत असतो. मी ऑफिसात असते तेव्हा एक बाई येते. आवाज बारीक झालाय, शब्द सावकाश येतात. गेले कित्येक दिवस त्यानं मॉडेलचा विषय काढला नव्हता, आणि ज्या बडबडीचा मला इतका वैताग यायचा, ती बंद झाल्यावर मला भीती वाटायला लागली. आता काय गेलं ते कळायला मार्गच उरला नव्हता.

म्हणून परवा रविवारी दुपारी त्याला वरण-भात भरवताना मीच म्हटलं, "ऐकलंस का? पुढचं मॉडेल म्हणे निम्म्या वजनाचं येतंय."

त्यानं घास गिळला. "कुठे वाचलंस?"

"ऑफिसात एक जण सांगत होता."

"अच्छा." तो म्हणाला. "निम्म्या वजनात बॅटरी कुठे ठेवणार?"

मला काय ठाऊक बॅटरी कुठे ठेवतात. मी चमच्यानं भात कालवत बसले.

"जड नव्हता गं कन्सोल," तो म्हणाला. "आधीचा नव्हता, नवाही नव्हता. दुकानात उचलून बघितला होता मी. तेव्हाच कळलं, दोष हातात आहे."

"मग इतके दिवस?"

"तुझ्याशी दुसरं काय बोलणार होतो?"

मी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले. ओट्यावरची घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. नळ मोठा सोडला, बाहेर काही ऐकू जाऊ नये म्हणून. नवरा शहाणा, सगळं मोजून बसलेला, आणि इतके दिवस मला वाटत होतं की हलक्या मॉडेलनं काही होणार नाही हे एकटी मीच जाणून आहे. किती एकटे होतो दोघंही, चहाचे कप पुढ्यात घेऊन.

नळ बंद केला तेव्हा तो हाक मारत होता. केव्हापासून मारत होता कुणास ठाऊक. मी हात पुसत बाहेर गेले.

"काय रे? पाणी हवंय?"

त्यानं मान हलवली. नको.

"बॅटरीचं सांग ना," तो म्हणाला. "कुठे ठेवतील?"

मी त्याच्या शेजारी बसले आणि बॅटरी कुठे ठेवतील ते सांगायला लागले.