खाडीच्या चिखलात कांद्याची टोळी

मंचरहून निघताना माझ्या जीपमध्ये सात बायका, भाकरी-ठेच्याची गाठोडी आणि सात विळे होते. ही हौसाकाकूंची कांदालागवडीची टोळी. आमच्या आंबेगाव तालुक्यात यांच्याइतकी सरळ ओळ कुणी लावत नाही. घरची म्हणून सांगत नाही, दोरी धरून बघा. श्रावणात कामाला जरा उसंत होती आणि खाडीकाठी दिलेल्या माझ्या बहिणीला, सुमनला, हातांची नड होती.

आदल्या वर्षी तिच्या गावात बोटींच्या धक्क्याकडचा रस्ता आणि बंगल्यांचे प्लॉट यांच्यासाठी खाडीत भराव पडला. खारफुटी तोडली गेली. पाण्याला आडवं यायला झाडच उरलं नाही, मग उधाणाचं (मोठ्या भरतीचं) पाणी थेट बांधावर आदळलं, बांध फुटला आणि सुमनचं भात मिठानं जळालं. आता बांध नव्याने घातला होता. अमावास्येच्या उधाणाआधी त्याच्यापुढे कांदळाच्या, म्हणजे खारफुटीतल्याच एका झाडाच्या, शेंगा रोवायच्या होत्या. दिवस उरले होते दोन.

आळेफाट्याला ट्रकांच्या गर्दीत अर्धा तास गेला. मढला चहा झाला. माळशेजच्या धबधब्याखाली नाचणारी गर्दी बघून काकू म्हणाल्या, "एवढी माणसं चिखलात उतरवली तर आपली गरजच न्हाई, भाऊ."

रात्री सुमनने तांदळाची भाकरी आणि अळूचं फदफदं वाढलं. श्रावणामुळे तिचे सुके बोंबील वाचले.

सकाळी ओहोटीला आम्ही उतरलो. मी चौथ्या पावलाला गुडघाभर रुतलो आणि एक चप्पल खाडीला देऊन बांधावर परतलो. बायका मात्र पदर खोचून सरसर पुढे गेल्या. कांदळाची शेंग हातभर लांब, हिरवी, वर टोकदार कोंब असलेली. खालचा तिसरा हिस्सा चिखलात खोवायचा, एवढंच काम. काकूंनी मूठभर शेंगा उचलल्या आणि कांद्याची रोपं लावण्याआधी छाटतात तसे एका फटक्यात सगळे शेंडे उडवले.

"काकू, थांबा!" सुमन ओरडली. "जीव त्या टोकातच असतो. शेंडा गेला की झाड गेलं!"

काकू मुठीकडे बघत राहिल्या. जास्तीच्या शेंगा नव्हत्या. उरलेल्या चार झाडांवरून वेचून आणलेल्या त्या तेवढ्याच.

"चाळीस वर्सं हात ह्येच करतोय, पोरी," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी सातही विळे बांधावर ठेवायला लावले आणि दोरी ताणली.

गावाने दोन दिवसांचं धरलेलं काम भरती परतायच्या आत संपलं. बांधावर माणसं जमली होती. "ही आमच्या मंचरकडची टोळी," असं मी कुणी न विचारता तिघांना सांगितलं. फार अभिमान वाटला, का लपवू? फक्त सुमनच्या शेतासमोर, ओळीच्या टोकाला, तेवढ्या मूठभर शेंगांची जागा मोकळी राहिली.

परतताना मढला काकूंचा चहा तसाच निवला.

"लई चुकलं, भाऊ."

"बाकीची सगळी ओळ कुणी लावली, काकू?"

"लावल्यालं कुणी बघत न्हाई. नांगी (रोप नसलेली जागा) समद्यांना दिसती."

उधाण आलं आणि गेलं. ओळ उभी असल्याचा सुमनचा फोन आला, तेव्हा मी काकूंच्या घरी धावतच गेलो. ती रोपं बांध राखण्याएवढी व्हायला बरीच वर्षं जातील, हे मला कळतं. पण समुद्र न पाहिलेल्या आमच्या बायकांनी समुद्रापुढे लागवड केली आणि ती टिकली, हे मी जन्मभर सांगत राहणार.

यंदा श्रावणात सुमनचा पुन्हा फोन आला, शेंगा पिकल्या म्हणून. मी जीप बाहेर काढली, तर काकू फाटकाशी उभ्याच होत्या.

"चला, नांग्या भरायच्या राहिल्यात."

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. विळा त्यांनी घरीच ठेवला होता.