लहान नारळ

लग्नानंतर काही महिन्यांतच माझे यजमान मालवाहू जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेले. तेव्हा युद्ध चालू होतं. पाणबुडीने जहाज बुडवलं आणि होड्यांमधून जे वाचले त्यांत ते नव्हते, एवढं कंपनीचा माणूस चौलला येऊन, आमच्या अंगणात उभा राहून सांगून गेला. सासूबाईंनी त्याला पाणी दिलं. विचारलं, "बुडताना कोणी बघितलं?"

"तसं कोणीच नाही," तो म्हणाला.

तेवढ्यावर मी बारा वर्षं कुंकू लावलं. हळदीकुंकवाला बायका माझ्यासमोर आल्या की करंडा हातात धरून जरा थांबत, मग लावत. घरी येऊन मी पुस्तक उघडून बसे. पान उलटायचं राहून जाई.

बारा वर्षं झाल्यावर थोरल्या दिरांनी भटजींना बोलावलं. देह मिळाला नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. आदल्या दिवसापर्यंत सासूबाई दिरांना म्हणत होत्या, "तो आला नि ही राख बघितली, तर काय सांगशील रे त्याला?"

पानं रचून झाली. डोक्याच्या जागी नारळ लागतो. दिरांनी वाडीतला चांगला मोठा नारळ आणून ठेवला. उंबऱ्यात बसलेल्या सासूबाई उठल्या. पडवीतल्या ढिगातला एकेक नारळ दोन्ही हातांत धरून बघू लागल्या. शेवटी एक लहानसा आणून त्यांनी भटजींपुढे ठेवला.

"काकी, तो मोठाच बरा आहे," भटजी म्हणाले.

"एवढं डोकं न्हवतं त्याचं. बापाची टोपी घातली की कानांवर यायची."

भटजींनी लहान नारळच पुतळ्याला लावला. मी आठवून बघितलं. मला उशी आठवली, डोकं आठवेना.

संध्याकाळी दीर राख घेऊन समुद्राकडे निघाले.

"तिकडं न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "समुद्राला एकदा दिलाय त्याला."

"मग कुठं, आये?"

"माडाला घाल. माडाला राख लागतेच."

विहिरीजवळच्या माडाच्या आळ्यात दिरांनी राख टाकली. वर मी कळशीभर पाणी ओतलं, रोज ओततात तसं. मग तिथेच कपाळ धुतलं.

मोठा नारळ पडवीत तसाच राहिला होता. काही दिवसांनी मी तो फोडून आमटीला वाटला. खोबरं चांगलं निघालं.