फडात दिसतं का?

शाळेतले किस्से घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. आपण साठवत नाही, ते आपोआप साचतात. फेकवत नाहीत आणि कुठं ठेवावेत तेही कळत नाही. मग कधीतरी कपाट उघडावं, तर सगळेच्या सगळे अंगावर!

परवा तसंच झालं. आमच्या आत्ताच्या शाळेच्या ग्रुपवर विज्ञानाचं वार्षिक नियोजन आलं. तयार पीडीएफ! वर आपलं नाव टाकायचं, खाली सही करायची, झालं वर्षभराचं नियोजन. चहा गार व्हायच्या आत काम संपलं. मी सही केली आणि मला गर्जे सरांची इतकी आठवण आली, की चहा गारच झाला.

तेव्हा मी पाथर्डीच्या पलीकडच्या एका गावात होते. भिंगारहून रोज एसटीनं जायचे. गावातली निम्मीअधिक घरं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघायची आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत यायची. विज्ञानाला आम्ही तिघं होतो. शेख मॅडमकडं सहावी, माझ्याकडं सातवी आणि गर्जे सरांकडं आठवी. सर त्याच भागातले आणि आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ. झाडं, प्राणी, पेशी, हृदय, जठर हे त्यांचे जीव की प्राण. त्यामुळं तिन्ही वर्गांच्या जीवशास्त्राचं नियोजन त्यांच्याच टेबलावर व्हायचं, शाळा उघडायच्या आधी, पंखा बंद असलेल्या स्टाफरूममध्ये.

*

नियोजनाची सुरुवात कॅलेंडरनं व्हायची. सर लाल पेन घेऊन बसायचे आणि एकेक दिवस मारत जायचे. रविवार, सण, गावची जत्रा, शेजारच्या गावची जत्रा (कारण पोरं तिकडंही जातातच), प्रशिक्षण, निवडणूक, सर्वेक्षण, वृक्षारोपण, वृक्षारोपणातली झाडं जगली का ते बघायचा दिवस...

हेडसर मागं येऊन उभे राहिले. कॅलेंडर बघून त्यांना घाम फुटला. "अहो गर्जे, सगळं लालच दिसतंय. मग शिकवायचं कधी?"

सर मान वर न करता म्हणाले, "तेच शोधतोय, सर!"

*

माझ्या आधीच्या बाईंनी नियोजन त्यांच्या आधीच्यांचं उतरवलं होतं, त्यांनी त्यांच्या आधीच्यांचं. मी नवी, सरांच्या टेबलावर बसायला लागायच्या आधीची, मीही उतरवलं. त्यात साहित्याच्या रकान्यात एक ओळ होती, 'जिवंत बेडूक'. हेडसरांनी सही केली. मी तर वाचलंही नव्हतं.

नेमके त्या धड्याच्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "बेडूक दाखवा."

ते साल दुष्काळाचं. गावात पाणी टँकरनं यायचं, बेडूक कुठून आणायचा? गर्जे सर शेजारच्या वर्गातून खडू घ्यायला आले होते. त्यांनी अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "साहेब, तो स्थलांतरित आहे. पाडव्यानंतर येईल."

साहेब आधी मान हलवून पुढं गेले. दारात पोचल्यावर त्यांना हसू फुटलं. त्यांचे आईवडीलही कधीकाळी साखर कारखान्यावर तोडणीला जायचे, असं त्यांनी चहाच्या वेळी सांगितलं. पुढं कितीतरी दिवस आमच्यात कुणी गैरहजर असलं, की शेख मॅडम म्हणायच्या, "बेडूक झाला!"

*

बीज अंकुरणाचा प्रयोग मात्र आम्ही फार मनावर घेतला होता. मुलांनी ओल्या फडक्यात मटकी बांधली, प्रत्येक गाठोड्याला नावाची चिठ्ठी लावली. सोमवारी कोंब मोजायचे, असं नियोजनात लिहिलेलं.

सोमवारी गाठोडी गायब! शोधाशोध झाली. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि ताटात मटकीची उसळ आली. पोषण आहार शिजवणाऱ्या मंदाबाईंना वाटलं, पोरांनी आपल्यासाठीच मोड आणून ठेवलेत. पोरं रडकुंडीला आली. एकजण उसळीत आपली मटकी ओळखू येते का ते बघत होता.

हेडसरांनी बोटं चाटत विचारलं, "आज उसळ काय झालीय! काही विशेष?"

नियोजनात शेवटचा रकाना असतो, मुलांना या उपक्रमातून काय मिळालं त्याचा. सरांनी तिथं लिहिलं, 'प्रथिने.'

*

आता खरी अडचण सांगते. पुस्तकात पेशीचा धडा मागं, शरीरातल्या इंद्रियांचा त्याच्याही मागं. म्हणजे दुसरं सत्र. आणि दुसऱ्या सत्रात आमचे निम्मे बाक रिकामे! दरवर्षी तीच पोरं तेच धडे चुकवायची. सहावीत पण, सातवीत पण. सरांना ते फार लागायचं. "यांना हृदय कधी कळणार? दुखायला लागल्यावर?" असं म्हणायचे.

मग एका वर्षी त्यांनी पुस्तकाचा क्रमच मोडला. प्रत्येक धड्याला एकच प्रश्न विचारायचा, 'फडात दिसतं का?' उसाच्या फडात दिसत असेल तर धडा दिवाळीनंतर. दिसत नसेल तर आधी.

शेख मॅडम धड्यांची नावं वाचायच्या, सर निकाल द्यायचे.

"मूळ, खोड, पान?"

"तिथं दुसरं आहेच काय? जानेवारी."

"साप?"

"रोज दिसतो. फेब्रुवारी."

"हृदय?"

"दिसत नाही. जुलै."

"पचनसंस्था?" मॅडमनी यादीतून मान वर केली. "पण भूक लागतेच की फडात."

"भूक लागते. जठर दिसत नाही. ऑगस्ट!"

शिवाय तोडणीला जाणाऱ्या पोरांना सरांनी गृहपाठही दिला, फडात जे दिसेल ते घेऊन या. पाडव्यानंतर पोरं आली ती पिशव्या भरून. सापाची कात, होल्याचं घरटं, उसाचे डोळे, एकानं तर काडेपेटीत विंचू आणला, जिवंत! हेडसर खुर्चीवर चढले आणि विंचवाला शाळेबाहेर काढेपर्यंत खाली उतरले नाहीत.

सविता नावाची एक मुलगी तेवढी रिकाम्या हातानं आली. सर म्हणाले, "का गं? काहीच नाही दिसलं?"

"मी फडात जातच न्हाई, सर. आई-दादा जात्यात. मी कोपीवर ऱ्हाती." कोपी म्हणजे तोडणीवाल्यांची पाचटाची झोपडी. "कोपी राखायची, बारक्याला बघायचं. कुत्रं शिरतंय ना."

सर हसले नाहीत. आमच्या एवढ्या हुशारीच्या नियोजनात ही पोरगी कुठंच बसत नव्हती, आणि ते आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

*

सविताला एकच वेड होतं, सूक्ष्मदर्शक. पोरं त्याला 'यंत्र' म्हणायची. ती सहावीत होती तेव्हा आम्ही ते जानेवारीत दाखवलं. ती अर्थातच नव्हती. परत आल्यावर पहिला प्रश्न, "बाई, यंत्र दाखिवलं? कसं दिसतंय?"

आता झालं होतं असं, की पोरांनी नळीला डोळा अगदी चिकटवून बघितलं होतं. त्यामुळं त्यांना दिसल्या स्वतःच्याच पापण्या! सगळ्या वर्गानं 'कांद्याची पेशी' म्हणून काळ्या केसांची रांग काढली. मी चिडले, पण सरांनी सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले. म्हणाले, "जे दिसलं ते काढलं. विज्ञान म्हणजे आणखी काय असतं?"

त्यामुळं मैत्रिणीनं सविताला सांगितलं, "काय न्हाई गं, केसं दिसत्यात." सविताचा विश्वास बसला नाही.

सातवीत, क्रम मोडला त्याच वर्षी, आम्ही यंत्राची वेळ दिवाळीच्या आधी आणली. पण यंत्र राहायचं हेडसरांच्या काचेच्या कपाटात, कुलूपबंद, वर प्लॅस्टिकचं कव्हर. "फुटलं तर जबाबदार कोण?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नेमके ते प्रशिक्षणाला गेले आणि किल्ली खिशात घेऊन गेले. सविता मधल्या सुट्टीत कपाटासमोर उभी राहायची. मी फोन केला, तर हेडसर म्हणाले, "काचेतून दिसतंय की!"

ते परत आले तेव्हा सविता कारखान्यावर पोचली होती.

आठवीत सरांनी चंगच बांधला. आमच्या यंत्राला दिवा नव्हता, आरसा होता, त्याला स्वच्छ ऊन लागायचं. म्हणून त्यांनी दसऱ्यानंतरचा आठवडा धरला. आभाळ मोकळं, दिवाळीला अवकाश, किल्ली आधीच मागून ठेवलेली. सविताच्या घरी तर ठरलंच होतं, आठवी झाली की शाळा बास. तिनंच मला सांगितलं होतं, अगदी साधेपणानं. त्यामुळं हा आठवडा चुकला असता, तर तिच्यासाठी यंत्र कायमचं काचेआडच राहिलं असतं. एवढं बारकाईनं नियोजन मी तरी कधी बघितलं नाही.

*

आता शेवटचा.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सविता फाटकापाशी उभी. डोक्याला तेल, अंगावर ठेवणीतला ड्रेस. "बाई, आमी निघालो. यंदा कारखाना लवकर हाय. सरांना सांगा."

आमचं नियोजन शाळेच्या कॅलेंडरवर, टोळी नेणाऱ्या मुकादमाचं कारखान्याच्या! मी धावत सरांकडं गेले. सरांनी खडू टाकला आणि विचारलं, "गाडी कुठाय?"

"पारापाशी भरतायत."

सर थेट हेडसरांच्या खोलीत. काय बोलणं झालं माहीत नाही. बाहेर आले तेव्हा यंत्र हेडसरांच्या छातीशी होतं. "तुम्ही पाडाल. मी धरतो," असं म्हणत ते पुढं चालायला लागले. शेख मॅडमनी मंदाबाईंकडून कांदा घेतला, मी प्रथमोपचाराच्या पेटीतून आयोडीन. अशी आमची वरात गावातून निघाली.

पारापाशी ट्रक उभा. वर भांडी, गोधड्या, कोंबड्या, माणसं. सरांनी ट्रकचा मागचा फाळका पाडायला लावला आणि त्यावर यंत्र ठेवलं. मुकादम खवळला. "ओ गुर्जी, हे काय चाललंय? संगमनेरच्याबी पुढं जायचंय आमाला!"

"गाडी बंद करा," सर म्हणाले. "हलतंय."

सर असे काही बोलले, की ड्रायव्हरनं खरंच गाडी बंद केली.

कांद्याचा पापुद्रा काचेवर आला, आयोडीनचा थेंब पडला, आरशात ऊन धरलं. "डोळा चिकटवू नको," मी सांगितलं. सविता वाकली. बराच वेळ वाकलेलीच. मग ओरडली, "सर! ह्या तर कोप्या हायत! वळीनं लावल्यात, आपल्या अड्ड्यावर असत्यात तशा!"

झालं, सगळा ट्रक खाली उतरला. म्हाताऱ्या, बायका, पोरं, सगळ्यांना कोप्या बघायच्या होत्या. हेडसर रांग लावत होते. "एकेक जण! हात लावू नका! चिकटवू नका डोळा!" मुकादमही घुसला. एक डोळा मिटून त्यानं बघितलं आणि म्हणाला, "लई ब्येस. आपल्यापरीस सरळ लावल्यात!"

सगळ्यात शेवटी सविताची आई. कडेवर बारका, तो सविताकडं दिला आणि पदर सावरून ती वाकली.

"व्हय गं, कोप्याच. पर समद्या रिकाम्याच की. मानसं कुठंयत?"

"फडात गेली असत्याल," सविता म्हणाली.

"आन् परत्येक कोपीत ह्यो ठिपका कशाचा?"

आठवीला हे शिकवून झालं होतं. केंद्रक, पेशीच्या सगळ्या कामांवर लक्ष ठेवणारं. सर उत्तराची वाट बघत सविताकडं वळले.

सवितानं बारक्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. "ती व्हय? ती कोपी राखाया ठेवलेली पोरगी."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मग पुन्हा दिला. तिच्या आईनं नळीवरचा डोळा काढला नाही.