बाबांचा गुरुवार

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना बाबांचा जुना कारखाना बंद पडला. काही महिन्यांनी त्यांना प्लास्टिकच्या एका नव्या कारखान्यात फिटरचं काम मिळालं आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. एक गोष्ट मात्र कामावर रुजू झाल्यावरच कळली. विजेचा भार वाटला जावा म्हणून त्या भागातल्या कारखान्यांची सुट्टी रविवारी नसे, गुरुवारी असे.

बडोद्यात आमच्यासारखी मराठी ख्रिस्ती कुटुंबं थोडीच. त्यामुळे चर्चच्या मंडळीत प्रत्येकाचं काहीतरी काम ठरून गेलेलं असतं. बाबा ढोलकी वाजवायचे. आता रविवारी सकाळी आई आणि मी छाणीहून बसने उपासनेला निघायचो, तेव्हा बाबा डबा अडकवून सायकलवर उलट्या दिशेला जायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. तेही चुकायला लागलं, तसे ते गप्प गप्प राहू लागले. तक्रार कधी केली नाही. संध्याकाळी आल्यावर एवढंच विचारायचे, "आज कोणती गाणी झाली?"

एक दिवस ते मला म्हणाले, "तू शिकतेयस. पाळकसाहेबांना विचार ना, गुरुवारी केलेली उपासना चालते का?"

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडे येत. मला तर वर्गात सरांना शंका विचारतानाही घाम फुटायचा. दोन-तीन रविवार मी नुसतीच साहेबांपर्यंत जाऊन परत आले. शेवटी उपासना सुटल्यावर ते दारात सगळ्यांना सलाम करत उभे होते, तेव्हा कसंबसं विचारलं. माझ्यामागे लोक खोळंबले होते. साहेब म्हणाले, "देवाला सगळे वार सारखेच, बाळ," आणि मागच्या माणसाशी हात मिळवला.

मी बाबांना ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनीही ते जसंच्या तसं घेतलं.

पुढच्या गुरुवारपासून आमच्या घरात रविवार सुरू झाला. बाबा लवकर आंघोळ करून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत. उपासना होईपर्यंत पोटात काही जाऊ द्यायचे नाहीत, चहासुद्धा नाही. मग बायबलमधला शास्त्रपाठ, प्रार्थना, आणि ढोलकीवर गाणी. आई स्वयंपाकघरातून साथ द्यायची. कॉलेजला उशिरा जायचं असलं की मीही बसायची. आपण तिघंच बसून देवासमोर गातोय याचं सुरुवातीला मला जरा अवघडल्यासारखं व्हायचं. नंतर मी गुरुवारची वाट बघायला लागले.

शेजारच्या काकू नागरवाड्यातून छाणीला राहायला आलेल्या. सासरे-आजेसासरे गायकवाडांच्या फौजेत होते, हे त्या भाजीवाल्यालाही सांगत. त्यांचा आवाजही फौजेतलाच. एका गुरुवारी सकाळी त्यांनी ओट्यावरून बाबांना चहाला हाक मारली. बाबा म्हणाले, "आता नको वहिनी, आज माझा उपास असतो."

दर गुरुवारी उपास, पांढरे कपडे, घरात भजन. काकूंनी काय समजायचं ते समजून घेतलं. त्यांच्या स्वतःच्या घरी गुरुवार दत्ताचा. दुपारी त्या साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. बाबांना वाटलं, नवी नोकरी लागली म्हणून शेजारणीने कौतुकाने आणली. त्यांनी प्रार्थना करून आवडीने खाल्ली. मग ती दर गुरुवारी यायला लागली. कधी बरोबर पेढा, कधी केळी.

आईला शंका आली होती. ती म्हणाली, "अहो, त्यांना नीट सांगायला हवं."

"काय सांगू? खिचडी नको म्हणू?" बाबा म्हणाले.

काकूंच्याच ओळीत आमच्या मंडळीतली एक बाई राहायची. तिला काकूंनी हौसेने सांगितलं, की तुमचे ते ढोलकीवाले भाऊ हल्ली किती श्रद्धेने गुरुवार करतात. ही बातमी चर्चमध्ये आमच्या आधी पोचली. रविवारी एका पंचांनी आईला बाजूला घेतलं. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक.

"भाऊ उपासनेला येत नाहीत, ते एक असो. पण दत्ताचा उपास करतात, हे खरं का?"

"छे हो!" आई म्हणाली. पण खिचडी आली होती, पेढेही आले होते, आणि तिला खोटं बोलता येत नव्हतं. ती अडखळली. पंचांनी तेवढंच पाहिलं.

"गुरुवारी साहेबांना घेऊन येतो," ते म्हणाले.

परतताना घराजवळ आल्यावर आई म्हणाली, "बाबांना काही सांगू नकोस. आधीच प्रभुभोजन मिळत नाही. आता मंडळीने ते घ्यायचा हक्कच काढून घेतला तर ते खचतील गं." माझ्या मनात एकच होतं. साहेबांचं उत्तर मी घरी आणलं होतं. ते उत्तर होतं का, की नुसतं घाईतलं बोलणं?

गुरुवारी मी कॉलेजला गेले नाही. साहेब आणि पंच आले तेव्हा बाबा ढोलकीची दोरी ताणत होते. त्यांना इतका आनंद झाला की ते उठताना स्टुलाला अडखळले. "सलाम साहेब! बरोबर वेळेला आलात, आता सुरूच करणार होतो."

"काय सुरू करणार होता?" पंचांनी विचारलं.

बाबा उत्तर देणार, तेवढ्यात मागच्या दाराने काकू आल्या. हातात झाकलेली थाळी. "अरे, पाहुणे! बसा ने, बसा. भाऊ, आज खिचडी लवकर झाली, जास्तही केलीय, सगळ्यांना पुरेल. तुमच्या गुरुवाराला कसं, कमी पडायला नको."

पंचांनी साहेबांकडे पाहिलं. आई दाराची चौकट धरून उभी होती.

"कसला गुरुवार, भाऊ?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

"माझा रविवार, साहेब," बाबा म्हणाले. "सुट्टी आजच असते ना. तुम्हीच पोरीकडून निरोप पाठवलात, देवाला सगळे वार सारखे. म्हणून तेव्हापासून आजच करतो. सगळं रविवारसारखंच करतो, फक्त..." ते थांबले. "फक्त प्रभुभोजन तेवढं माझं मला घेता येत नाही."

मग काकू म्हणाल्या, "म्हणजे दत्ताचा नाही?"

"दत्ताचा?" बाबा त्यांच्याकडे बघतच राहिले. "नाही वहिनी."

"अहो, मग इतके गुरुवार मी साबुदाणा भिजवतेय तो कुणाच्या नावाने?"

साहेब आधी हसले. मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग आई हसली आणि हसता हसता मटकन खालीच बसली. पंच गंभीर राहायचा प्रयत्न करत होते, पण काकूंनी त्यांनाच विचारलं, "तुम्हीच सांगा, परत नेऊ का आता?" आणि त्यांनाही हसू आवरेना.

साहेबांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळले. "बाळ, तू विचारलंस ते मला आठवतंय. मी नीट ऐकलं नव्हतं. पण उत्तर बरोबर होतं."

पुढे त्यांना त्याच भागातल्या एका अंथरुणाला खिळलेल्या आजींना प्रभुभोजन द्यायला जायचं होतं, म्हणून पिशवी बरोबर होती. त्यांनी ती उघडली. लहान पेला, भाकर, आणि काळ्या मनुका उकळून केलेल्या रसाची बाटली.

पंच हळूच म्हणाले, "घरी फक्त आजाऱ्यांना देतात, साहेब."

"ज्याला येता येत नाही त्याला देतात," साहेब म्हणाले.

काकू जायला निघाल्या. बाबा म्हणाले, "बसा वहिनी." त्या डोक्यावर पदर घेऊन दाराशी बसल्या.

बाबांनी भाकरीचा तुकडा हातात घेतला तेव्हा त्यांच्या नखांत कारखान्याचं काळं तेल होतं. ते घासूनही जात नसे. पेला घेऊन झाल्यावर ते कितीतरी वेळ मान खाली घालून बसले. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा पाहून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मग खिचडी सगळ्यांनी खाल्ली. पंचांनी दोनदा घेतली.

निघताना साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यातही पहिल्या गुरुवारी ते येतील. ते पुढे गेले. पंच मात्र चपला घालण्यात बराच वेळ घालवत होते.

"माझा जावई," ते शेवटी बाबांना म्हणाले, "तुमच्याच बाजूच्या कारखान्यात आहे. सुट्टी गुरुवारचीच. घरात नुसता झोपून असतो."

"पाठवा ने," बाबा म्हणाले. "सकाळी नऊला सुरू करतो आम्ही."