लसूण घातलेली पेल एल

आमच्या घरात बिअरला आंबील म्हणतात. ही पद्धत मी पाडली.

तसा सगळा दोष भाकरीचा. कराड सोडून जर्मनीत नेकारसुल्मला आले, गाड्यांच्या कारखान्यात दर्जा तपासायची नोकरी लागली, नवराही बरा निघाला (बरा म्हणजे भांडी घासतो). भाकरी मात्र मागे राहिली. पीठ इथेही मिळतं हो, पण भाकरी पिठाने होत नाही, आईच्या हाताने होते. आणि खांदा धरल्यापासून आईनेही थापणं सोडलं होतं. म्हणजे आता कराडला गेलं तरी ती भाकरी नाही! या विचाराने मला कधीकधी ऐन मीटिंगमध्ये भरून यायचं.

अशात एकदा बेकरीत रायचा पाव हुंगला. राय म्हणजे इथलं काळसर, रांगडं धान्य, जर्मनमध्ये रॉगन. त्या पावाच्या करपलेल्या कडेला थेट तव्यावरच्या भाकरीचा वास होता! मी तिथेच डोळे पुसायला लागले. काउंटरवरची बाई घाबरून म्हणाली, "ताजाच आहे हो, सकाळचा!"

आमच्या खालच्या मजल्यावर हेअर लिंडनर राहतात (हेअर म्हणजे श्रीयुत). निवृत्त गृहस्थ, तळघरात स्वतःची बिअर करतात. मी त्यांना गाठलं.

"मला रायची पेल एल, ती फिकट रंगाची बिअर, करायची आहे. भाकरीसारखी लागणारी."

"भाकरी म्हणजे?"

"चपटा पाव. माझी आई करायची तो."

"आल्झो, म्हणजे थोडक्यात," ते गंभीरपणे म्हणाले, "तुम्हाला आईचा पाव प्यायचाय."

"गेनाऊ! अगदी तेच!"

त्यांनी कृती सांगितली. बार्ली चार वाटे, राय एक वाटा. "जास्त नको. रायला टरफल नसतं, ती चिकटते." मी मान डोलावली आणि घरी येऊन विचार केला, चारास एक म्हणजे नुसता प्रसाद! त्यात भाकरी कुठे लागणार? मी निम्मी-निम्मी घातली. हॉप्सची कडू फुलं नावापुरती. (भाकरी कडू असते का?) उरलेली थोडी रायही कशाला ठेवायची, म्हणून तीही ओतली.

मोड आणून वाळवलेलं ते धान्य गरम पाण्यात पडलं आणि त्याची जी खळ झाली! चाळणीतून थेंब गळेना. समीर, म्हणजे माझा नवरा, पातेलं धरून म्हणाला, "याने पतंग चिकटवू का?" शेवटी मी जुनी ओढणी काढली, लगदा तिच्यात बांधला आणि चक्का टांगतात तसा बाथरूमच्या नळाला टांगला. हेअर लिंडनर बघायला आले. बराच वेळ त्या गाठोड्याकडे बघून म्हणाले, "कारखान्यात तुम्ही दर्जा तपासता ना?"

रस गळाला, उकळला, यीस्ट घालून मोठ्या बादलीत झाकला आणि बादली बाथरूममध्येच ठेवली. झाकणावरची नळी बुडबुडायला लागली. आमच्या इमारतीच्या अंगणात उन्हाळ्यात सगळे शेजारी मिळून होफफेस्ट करतात, त्यात ही बिअर पाजायची ठरली.

आणि आई आली.

माझ्या मामेभावाच्या हळदीत बिअरची एक बाटली दिसली म्हणून ही बाई भरल्या पानावरून उठली होती. आल्या आल्या हातपाय धुवायला बाथरूममध्ये गेली.

"हे काय बुडबुडतंय गं?"

"आंबील!" माझ्या तोंडून निघून गेलं. "रायची. इथली ज्वारीच समज."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढ्या लांब येऊन माझी पोर आंबील करते!" लगेच मामीला व्हिडिओ कॉल, बादलीचं दर्शन.

"झाकणाला नळी कशाला?" मामीने विचारलं.

"जर्मन आंबील आहे वहिनी. मशीनची."

मी समीरकडे बघितलं. तो म्हणाला, "मी यात नाही."

होफफेस्टच्या दिवशी मी ब्रेझेल, ते पिळाचे खारे पाव, आणायला गेले. परत येऊन बघते तर अंगणातल्या टेबलावर आमची बादली, तिच्यामागे नऊवारी नेसून आई, हातात ओगराळं आणि समोर जर्मन लोकांची रांग! बादलीत पांढरटसर काहीतरी होतं. वर कोथिंबीर तरंगत होती.

"आई, काय केलंस?"

"अगं, पाणचट लागत होती आणि कडवट. ताक घातलं, लसूण, जिरं, मीठ घातलं. समीरराव बादली उचलू लागले."

आता बोला! आंबील म्हणून सांगितल्यावर ती दुसरं काय करणार?

हेअर लिंडनरनी ग्लास उन्हात धरून बघितला. "प्रोस्ट," म्हणाले आणि मोठा घोट घेतला.

"बिअर म्हणून शून्य," ते म्हणाले. "सूप म्हणून जरा पातळ." आणि ग्लास पुढे केला. "अजून थोडं द्या."

मग मी घोट घेतला. आधी लसूण, मग ताक, आणि त्याखाली, अगदी खाली, ती करपलेली कड. मी कराडच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले होते आणि ताट समोर होतं. मला रडू आवरेना.

"पहिली बिअर वाया गेली की सगळेच रडतात," हेअर लिंडनर माझी पाठ थोपटत म्हणाले.

"लसूण जास्त झाला का गं?" आई म्हणाली.

तिच्या परतीची बॅग भरत होते तेव्हा ती हळूच म्हणाली, "ती बिअर होती ना?"

माझ्या हातातली साडी गळाली. "तुला कधी कळलं?"

"चव बघताना. पहिल्या वाटीत कळेना, म्हणून आणखी दोन घेतल्या. वहिनीला बोलू नकोस हं, तिला मी कृती सांगून बसलेय." मग खांदा चोळत हसली. "पण खरं सांगू? तिसऱ्या वाटीला हा दुखायचा थांबला. इतकं हलकं वाटलं की म्हटलं, चला, पोरीला दोन भाकऱ्या थापून घालू."

"मग थापल्या का नाहीस?"

"राय कुठे होती? सगळी तू बादलीत ओतलेली!"

आता मी चारास एक घेते. बिअर नीट गळते, हेअर लिंडनर मान डोलावतात. पण दर वेळी थोडी राय दळून डब्यात बाजूला ठेवते, कारण आई पुढच्या उन्हाळ्यात येणार आहे. आल्या आल्या तिला तीन वाट्या पाजायच्या आणि खांदा हलका झाला की परात पुढे करायची. आईला दारू पाजून भाकऱ्या थापून घेणारी अख्ख्या कराडात मीच पहिली असेन!