लेकरं उसनी मागणारी अक्का

छत्रीच्या दांड्यानं चौकट ठक ठक वाजवायची, पदर कमरेला खोचायचा आणि गल्लीच्या मधोमध उभं राहून आरोळी ठोकायची, "लेकरं उसनी द्या गं बायांनो! दिवस मावळायच्या आत परत करते!"

फाल्गुन लागला हे आम्हाला पंचांगानं कधी सांगितलं नाही, या आरोळीनं सांगितलं. इतर बायका शेजारणीकडून वाटीभर तेल आणायच्या, विसरलं तर विरजण आणायच्या. अक्का सबंध गल्लीची पोरं न्यायची.

आमचं गाव कल्याणी. आता त्याला बसवकल्याण म्हणतात. तेव्हा मोठ्यांवर निजामाचं राज्य होतं आणि आम्हा पोरांवर अक्काचं. तिचा नवरा तहसिलीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारा कारकून. काळी शेरवानी, लाल टोपी आणि आवाज असा की दारातलं मांजरदेखील दचकू नये. अक्काचं माहेर भीमाकाठी, अफजलपूरकडं. त्यामुळं आमचे लाड मराठीत व्हायचे आणि आम्हाला रागवायचं ते कानडीत. नवऱ्याशी भांडण मात्र उर्दूत, कारण त्याशिवाय त्यांना ते सरकारी वाटत नसे. पेशकारसाहेब नुसते हात जोडायचे. "हमारा हुकूम दफ्तरमें चलताय. घरका नको पूछो."

त्यांना मूलबाळ नव्हतं. ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी बोलत नव्हतं. पुढं एकदा बोललं गेलं, ते सांगतोच.

आमची स्वारी निघायची तांबड्या टेकडीकडं. वाटेत ज्वारीची काढलेली रानं, मग तांबडी माती, मग तांबडे दगड आणि वर पोहोचलं की पळसच पळस. एकाही झाडाला पान नाही, नुसता जाळ! रंगपंचमीच्या रंगासाठी फुलं आणायची, हे घरी सांगायचं कारण. खरं कारण अक्काच्या टोपलीत असायचं : शेंगाच्या पोळ्या, धपाटे, दही आणि पुंडीची म्हणजे अंबाडीची आंबट भाजी.

माझी धाकटी बहीण गंगू सगळ्यांत लहान. तिचे पाय दमले की अक्का हमखास धपकन खाली बसायची. "अगाई! जीव चालला माझा. म्हातारीला जरा बसू देताव का न्हाई?" आम्ही हसायचो, टाळ्या पिटायचो, "अक्का दमली, अक्का दमली!" गंगू तर सगळ्यांत मोठ्यानं. ज्वारीचं पोतं एकटी उचलणारी ही बाई दर वेळी नेमकी गंगूच्याच दमाला कशी दमते, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. आम्हाला त्या वयात पडला नाही.

आता तो प्रसंग. एका वर्षी टेकडीकडं लांडगा दिसल्याची आवई उठली होती. तरी अक्कानं पोरं मागितली आणि मिळालीही. आम्ही झऱ्याच्या पाण्यात फुलं कुस्करली आणि एकमेकांना यथेच्छ माखलं. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून त्याच ओल्या अंगांनी तांबड्या मातीच्या उतारावरून घसरगुंड्या केल्या. अक्काही एकदा घसरली. दोनदा घसरली म्हणा, पण दुसऱ्यांदा मुद्दाम.

दिवस कलला आणि आम्ही परत निघालो. वेशीत आयांचा घोळका उभा. त्यांनी काय बघितलं असेल, डोळ्यांपुढं आणा. मावळत्या उजेडात लाल लाल माखलेली पोरं ओरडत धावत येताहेत आणि मागून पदर फाटलेली अक्का छत्री उगारून पळतेय. आम्ही शर्यत लावली होती. वेशीत मात्र हंबरडा फुटला. कुणी देवाला हाका मारायला लागलं. एक आजी तर बसल्या जागी आडवी झाली. माझी आई धावत आली, तिनं गंगूला उचललं, तिचे हातपाय चाचपले, गाल पुसला. रंग निघाला. आधी आई रडली, मग तिला राग आला.

"लेकराची कळ पोटातून येत असती अक्का," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "तुमाला काय कळायलंय त्यातलं?"

अक्काची छत्री हळूच खाली आली.  टोपली काखोटीला मारून ती घरी गेली.

पुढच्या फाल्गुनात आरोळी आली नाही. अक्का ओट्यावर डाळ निवडत बसायची. आम्ही गेलो की हातावर गूळ ठेवायची आणि म्हणायची, "जावा घरला, आई वाट बघायली." पळस फुलून सांडायला लागला. मी आईपाशी रोज भुणभुण करायचो. आई भांडी जरा जास्तच जोरात घासायची.

मग एका सकाळी अक्का दार ओढून बाहेर पडली. डोक्यावर तीच टोपली, काठोकाठ भरलेली. गल्लीच्या मधोमध आली, पण थांबली नाही, कुठल्या चौकटीकडं बघितलंही नाही.

आई पाण्याची घागर घेऊन दारात उभी होती. "कुठं निघालाव अक्का?"

"टेकडीला."

"एकल्याच?"

"व्हय."

"मग एवढं सैपाक कामून केलाव?"

अक्कानं डोक्यावरची टोपली सावरली. "हाताला सवय हाय गं. कमी करायला जमलं न्हाई."

आणि चालू लागली. आईनं घागर उंबऱ्यावरच ठेवली. गंगूला कडेवर घेतलं, माझं मनगट धरलं, दाराला कडी घातली आणि जी निघाली ती चपला न घालताच! जाता जाता शेजारच्या दारात ओरडली, "बघत काय बसलीस? चल की!" बघता बघता गल्ली रिकामी. चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास मला वेशीपर्यंत येत होता.

आईनं अक्काला ज्वारीच्या रानात गाठलं. मी कान टवकारले, आता माफी मागणार! आईनं गंगूला कडेवरून उतरवलं आणि तिचा हात अक्काच्या हातात दिला. "हिला तुमीच घ्या. माझं ऐकंना झालीय." बस्स, एवढंच. गंगू बिचारी तोपर्यंत चकार शब्द बोलली नव्हती.

त्या दिवशी, लग्न होऊन आल्यापासून गावची वेस न ओलांडलेल्या बायका टेकडी चढल्या. माझी आई उतारावरून घसरली आणि इतकी हसली की तिला उठवायला दोघी लागल्या. ही बाई अशी हसू शकते, ही बातमी मला नवीन होती.

पुढची काही वर्षं फाल्गुन असाच गेला. मग पेशकारसाहेबांची बदली झाली, पार तेलंगणातल्या एका तालुक्याला. बैलगाडी दाराशी लागली. भांडी चढली, गादी चढली, अक्का चढली. कुणी काही मागितलं नव्हतं, पण आईनं गंगूला उचलून तिच्या शेजारी बसवलं. "वेशीपर्यंत न्या." मग प्रत्येक दारातून एकेक पोर आलं. आम्ही इतके कोंबले गेलो की पेशकारसाहेब टोपी सावरत गाडीवानाशेजारी जाऊन टेकले.

वेशीत अक्कानं एकेकाला स्वतःच्या हातानं खाली उतरवलं. गंगूला शेवटी. मग गाडी हलली.

आम्ही रस्त्यात उभे राहून बघत होतो. गाडीत आता जागाच जागा होती. तरी अक्का कोपऱ्यात अंग चोरून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आम्ही अजून शेजारी दाटीवाटीनं बसलो असल्यासारखी.